ठिबकचा व्हॉल्व्ह बोर्ड क्यूएमूमध्ये : डिव्हाइस ट्री जागच्या जागी तयार करण्याच्या नोंदी

अंबडला आमची पाच जणांची कंपनी आहे. द्राक्षबागांसाठी ठिबकचे कंट्रोलर बनवतो. मुख्य बोर्डावर लिनक्स चालते आणि त्याला एक ते आठ व्हॉल्व्ह मॉड्यूल जोडता येतात. मॉड्यूल तीन तऱ्हेचे : चार, आठ आणि बारा व्हॉल्व्हचे. लहान बागेला एक मॉड्यूल पुरते, मोठ्या बागेला सहा-सहा लागतात. ऑफिसात मात्र आमच्याकडे बोर्ड दोन आणि मॉड्यूल तीन. त्यामुळे गिऱ्हाइकाकडची जोडणी आमच्या टेबलावर उभीच राहत नाही.

म्हणून ड्रायव्हरच्या, म्हणजे लिनक्समधून मॉड्यूल चालवणाऱ्या कोडच्या, चाचण्या क्यूएमूच्या 'व्हर्ट' मशीनवर करतो. क्यूएमू हा संगणकातच नकली हार्डवेअर उभे करणारा इम्युलेटर, आणि व्हर्ट हे त्यातले एक काल्पनिक मशीन. आतापर्यंतची पद्धत अशी होती : किती मॉड्यूल हे क्यूएमूच्या सी फाइलमध्ये लिहायचे, आणि तेच पुन्हा हाताने डिव्हाइस ट्रीच्या, म्हणजे कुठले हार्डवेअर कुठल्या पत्त्यावर आहे हे लिनक्सला सांगणाऱ्या यादीच्या, फाइलमध्ये लिहायचे. अशा नऊ फाइली साठल्या होत्या. ऑगस्टमध्ये दिंडोरीकडच्या एका बागायतदारांची तक्रार आली : "ताई, मोबाइलवर पहिला व्हॉल्व्ह चालू दाखवतंय, अन् पाणी निघतंय शेवटच्या ओळीत." त्यांच्याकडे सहा मॉड्यूल आहेत. ती जोडणी क्यूएमूत उभी करायला गेले तर ट्रीत सहा मॉड्यूल आणि इम्युलेटरमध्ये पाच. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, सहाव्याच्या पत्त्यावर वाचायचा प्रयत्न केला, तिथे काहीच नव्हते, आणि सिंक्रोनस एक्स्टर्नल अबॉर्ट येऊन सगळे कोसळले. नऊ फाइली तपासल्या. चार चुकीच्या निघाल्या. तक्रार तशीच राहिली.

त्या दिवशी ठरवले की जो कोड मॉड्यूल बनवतो त्यानेच त्याचा नोडही, म्हणजे ट्रीतली त्याची नोंदही, लिहायचा. पुढच्या नोंदी त्याच्या. असेच काही करणाऱ्याचे माझ्याइतके दिवस जाऊ नयेत म्हणून चुका सविस्तर लिहिल्या आहेत. पत्ते सोयीसाठी एमबीत दिले आहेत.

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

मुदत : घटस्थापनेच्या आत, म्हणजे २२ तारखेपूर्वी. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की बागायतदार पाण्याचे वेळापत्रक बदलतात, नवी मॉड्यूल लावतात, आणि आमचे फोन दिवसभर वाजतात.

क्यूएमू ८.२ चा सोर्स घेतला. सगळी टार्गेट, म्हणजे सगळ्या प्रोसेसरांची नक्कल, चालू ठेवून बांधायला लावले आणि ५५ मिनिटे गेली. नंतर फक्त एआर्च६४चे (६४ बिटांच्या आर्म प्रोसेसरचे) सिस्टीम टार्गेट ठेवले, ८ मिनिटांत झाले. कॉन्फिगर करतानाच टार्गेटची यादी द्यावी. लॅपटॉप साधा आहे, ८ जीबी रॅमचा.

२ सप्टेंबर

काहीही लिहिण्याआधी व्हर्टची स्वतःची ट्री बघितली. मशीनच्या पर्यायांत डंपडीटीबी आणि फाइलचे नाव दिले की क्यूएमू ट्री लिहून बाहेर पडतो, मग डीटीसी या ट्रीच्या कंपायलरने ती वाचता येईल अशी करायची. व्हर्टची ट्री कुठल्याही फाइलमध्ये नसते. मशीन उभे राहताना सी कोड लिबएफडीटी ही ट्री लिहायची लायब्ररी वापरून ती रचत जातो : सीपीयू किती, रॅम किती, जीआयसी, म्हणजे डिव्हाइसच्या हाका (इंटरप्ट) प्रोसेसरपर्यंत नेणारा भाग, कोणता, जसे मागाल तसे. माझ्या कामाचा नमुना समोरच होता, आणि मी वर्षभर त्याच्या शेजारी बसून हाताने फाइली लिहीत होते.

आपल्यासाठी महत्त्वाची जागा म्हणजे प्लॅटफॉर्म बस. व्हर्टमध्ये ती १९२ एमबीपासून सुरू होते, ३२ एमबी लांब आहे, आणि तिला ११२ पासून पुढे ६४ इंटरप्ट राखून ठेवले आहेत. क्यूएमू चालू करायच्या आदेशातून जोडलेल्या डिव्हाइसना पत्ता आणि इंटरप्ट बस स्वतः वाटते. आठ मॉड्यूलना ही जागा भरपूर आहे.

३ आणि ४ सप्टेंबर

मॉड्यूलचे डिव्हाइस लिहिले. एक ४ केबीचे पान, आत व्हॉल्व्हची रजिस्टरे, प्रवाहमापकाचा मोजणीचा रजिस्टर, एक स्टेटस रजिस्टर, एक इंटरप्ट. व्हॉल्व्हची संख्या प्रॉपर्टी म्हणून आदेशातून येते. हे दीड तासात झाले. उरलेला सगळा वेळ गेला तो आदेशातून डिव्हाइस जोडता यावे यासाठी. त्याला तीन दारे आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या फाइलमध्ये आहेत.

पहिले, डिव्हाइसच्या क्लासमध्ये ते वापरणाऱ्याला बनवता येते असे सांगावे लागते. सिसबसवरच्या, म्हणजे थेट मेमरीच्या पत्त्यावर बसणाऱ्या, डिव्हाइसना ही मुभा मुळात नसते. दुसरे, व्हर्टच्या क्लासमध्ये परवानगीच्या यादीत नाव घालावे लागते. तिसरे, सिसबस-एफडीटीच्या फाइलमधल्या तक्त्यात, म्हणजे कुठल्या डिव्हाइसचा नोड कुठले फंक्शन लिहिते त्या यादीत, आपली ओळ लागते. तिसरे विसरले तर क्यूएमू सरळ बाहेर पडतो आणि म्हणतो की हे डिव्हाइस आयत्या वेळी जोडता येत नाही. तो संदेश वाचून मी पुन्हा पुन्हा दुसऱ्या दाराशी शोधत राहिले. तीन तास गेले.

५ सप्टेंबर, शुक्रवार

अर्धा दिवस वाया.

क्यूएमू चालू झाला, डिव्हाइस दिसते, मॉनिटरवर मेमरीचा नकाशा मागितला तर पान १९२ एमबीवर बरोबर बसलेले. पण लिनक्सच्या आत प्रोक फोल्डरमधल्या डिव्हाइस-ट्रीत नोडच नाही. नोड लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये छापणी टाकली, ती कधी उमटलीच नाही. तक्ता पुन्हा तपासला, नाव अक्षरानुअक्षर जुळवले, क्यूएमू स्वच्छ करून नव्याने बांधला.

कारण माझ्या चालू करायच्या स्क्रिप्टमध्ये होते. जुन्या सवयीने डीटीबीची, म्हणजे तयार ट्रीची, फाइल अजून दिली जात होती. वापरणाऱ्याने स्वतःची ट्री दिली असेल तर डिव्हाइसचे नोड तिच्यात आधीच असणार, असे व्हर्ट धरून चालतो आणि नोड लिहिण्याचा सगळा भाग वगळतो. इशारा नाही, चूक नाही. कोडात वर टिपणी मात्र स्पष्ट आहे. मी फंक्शनपासून वर वर शोधत गेले असते तर दहा मिनिटांत सापडली असती. मी खाली खाली शोधत बसले.

स्क्रिप्टमधून ती ओळ काढली. नोड आला.

६ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. काम बंद.

८ सप्टेंबर

दोन मॉड्यूल लावले आणि क्यूएमू सुरू होतानाच थांबला. नोडच्या नावात @ च्या पुढे मी व्हॉल्व्हची संख्या लिहिली होती. दोन्ही मॉड्यूल आठचे, म्हणून दोन्ही नावे सारखी, आणि लिबएफडीटी एका पालकाखाली एकाच नावाचे दोन नोड घेत नाही. @ च्या पुढे पत्ताच हवा, तो वेगळा असल्याची खात्री बस देते. पाच मिनिटांचे काम.

त्यानंतरची चूक जास्त शिकवून गेली. मॉड्यूल आठ व्हॉल्व्हचे, ड्रायव्हर म्हणतो मेमरी नाही. किती व्हॉल्व्ह मोजले ते छापले : १३,४२,१७,७२८. डिव्हाइस ट्रीत संख्या बिग एंडियन, म्हणजे मोठा बाइट आधी, साठवतात. लॅपटॉपवर ८ हा आकडा ०८ ०० ०० ०० असा चार बाइटांत पडलेला असतो. मी तो कच्चा तसाच प्रॉपर्टीत कोंबला आणि कर्नलने तो उलट्या बाजूने वाचला. क्यूएमूत एक सेल (चार बाइटांची संख्या) लिहायचे वेगळे फंक्शन आहे, ते हा उलटापालट स्वतः करते. कच्चे बाइट लिहिणारे फंक्शन फक्त मजकूर किंवा आधीच तयार केलेल्या माहितीसाठी वापरायचे. ड्रायव्हरमध्येही १२च्या वर आकडा आला तर नकार द्यायची तपासणी घातली. ती आधीपासून असायला हवी होती.

१० सप्टेंबर

आता दोन मॉड्यूल लावून क्यूएमू सुरू होतो. पण लिनक्समध्ये पहिले मॉड्यूल उभे राहत नाही, दुसरे राहते. आणि शेजारच्या टेबलावरून हाक आली : "ताई, दुसऱ्या मॉड्यूलचा व्हॉल्व्ह सांगितला की पहिल्याचा उघडतोय."

ऐकून अंगावर काटा आला, कारण दिंडोरीची तक्रारही याच जातीची होती. दुपारभर माझी समजूत होती की तीच चूक सापडली. ती ही नव्हती. लक्षण सारखे म्हणून कारण सारखे धरले आणि दिवसाचा उरलेला भाग ड्रायव्हर वाचण्यात घालवला. ड्रायव्हर इथे निर्दोष होता.

११ सप्टेंबर

सापडले. जरा सविस्तर लिहिते, कारण अशी चूक ट्री लिहिणाऱ्या कुणाकडूनही होईल.

व्हर्टच्या मुळाशी पत्ता दोन सेलचा आणि लांबीही दोन सेलची आहे, म्हणून मुळाखालच्या प्रत्येक नोडच्या रेगमध्ये, म्हणजे पत्ता आणि लांबी सांगणाऱ्या प्रॉपर्टीत, चार सेल असतात. प्लॅटफॉर्म बसच्या नोडमध्ये मात्र पत्ता एक सेल, लांबी एक सेल. बसचा स्वतःचा पत्ता तिच्या रेंजेस प्रॉपर्टीत असतो आणि तिच्या मुलांनी, म्हणजे खालच्या नोडनी, फक्त बसच्या सुरुवातीपासूनचे अंतर लिहायचे असते. मी यूएआरटीचा (सिरियल पोर्टचा) नोड बघून लिहिला होता, आणि यूएआरटी मुळाखाली आहे. त्यामुळे माझ्या रेगमध्येही चार सेल.

कर्नलने पालकाच्या नियमाने चार सेलच्या दोन जोड्या केल्या. पहिल्या मॉड्यूलचे सेल होते शून्य, शून्य, शून्य, ४ केबी. पहिली जोडी : पत्ता शून्य, लांबी शून्य. शून्य लांबीची जागा ड्रायव्हरला मिळत नाही, म्हणून पहिले मॉड्यूल उभेच राहिले नाही. दुसऱ्याचे सेल होते शून्य, ४ केबी, शून्य, ४ केबी. पहिली जोडी : पत्ता शून्य, लांबी ४ केबी. हे तर पहिल्या मॉड्यूलचे पान! म्हणजे दुसरे मॉड्यूल पहिल्याच्या रजिस्टरांवर जाऊन बसले होते. तीन मॉड्यूल लावून बघितले तर एकच कसेबसे उभे राहिले, दुसरे जागा अडलेली म्हणून परत गेले.

दुरुस्ती एका ओळीची. सेल किती, ते आता मी पालकाच्या नोडमधून वाचून घेते, कोडात ठोकून लिहीत नाही.

डीटीसीने हे आधीच सांगितले होते. साध्या बसखालच्या नोडच्या नावातला पत्ता आणि रेगमधला पत्ता जुळला नाही तर तो इशारा देतो. व्हर्टची ट्री काढताना इतर काही इशारे येतात, त्यांचा त्रास नको म्हणून २ तारखेला मी स्क्रिप्टमध्ये इशारे दाबून टाकले होते. आज ते परत चालू केले. मूळ व्हर्टचे इशारे एका फाइलमध्ये साठवले आणि नवा कुठला आला तर चाचणी नापास.

या एका चुकीचे दीड दिवस.

१२ सप्टेंबर

इंटरप्ट येत नाहीत. ड्रायव्हरला इंटरप्ट मिळाला, नोंदवला गेला, चूक नाही, पण मोजणी शून्यावर. जीआयसीमध्ये सामायिक इंटरप्टचे क्रमांक ३२ पासून सुरू होतात. ट्रीत मात्र ते ३२ वजा करून लिहायचे असतात, प्रकाराचा सेल वेगळा असतोच. बसने दिलेला ११२ हा आधीच तसा होता. मी त्यात ३२ मिळवून १४४ लिहिले, कर्नलने त्यात आणखी ३२ मिळवून १७६ ऐकायला सुरुवात केली. प्रोकमधल्या इंटरप्ट्सच्या यादीत १७६ दिसला तेव्हा लक्षात आले. तिथे १४४ दिसायला हवा. ४० मिनिटे.

१५ सप्टेंबर, सोमवार

शनिवारी आमच्या भागात वीज नव्हती, म्हणून घरून लांब चाचणी लावली होती. प्रवाहाची मोजणी मध्येच थांबते. कधी दहा मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने. एकदा थांबली की पुन्हा सुरू होत नाही.

इंटरप्टची तिसरी सेल. व्हर्टीओच्या, म्हणजे व्हर्टवरच्या काल्पनिक डिव्हाइसांच्या, नोडमधून मी ती ओळ उचलली होती आणि तिथे १ आहे, म्हणजे चढती कड : तार खालून वर जाते त्या क्षणीच इंटरप्ट. माझ्या मॉड्यूलची तार मात्र पातळीची आहे : स्टेटसमध्ये एकही बिट शिल्लक असेल तोवर तार वरच राहते. ड्रायव्हर स्टेटस वाचतो, दिसलेला बिट पुसतो. वाचणे आणि पुसणे यांच्या मधल्या क्षणात दुसरा बिट आला तर तार खाली येतच नाही, नवी कड तयार होत नाही, आणि जीआयसी कायमचा गप्प. तिसरी सेल ४ केली. रात्रभर, साडेनऊ तास चालवले, एकही पल्स हुकला नाही.

खऱ्या बोर्डाच्या ट्रीत ४च आहे, हे मी तपासले. म्हणजे शेतात हा दोष नाही.

१६ सप्टेंबर

मॉड्यूलचे क्रमांक. आदेशात पहिले लिहिलेले मॉड्यूल लिनक्समध्ये पहिले असेल असे मी धरले होते. तसे होत नाही. लिबएफडीटी नवा नोड पालकाच्या मुलांमध्ये सर्वांत पुढे घालते, त्यामुळे लिहिल्याच्या उलट क्रमाने नोड दिसतात. व्हर्टीओचे ३२ नोड क्यूएमू मुद्दाम शेवटाकडून लिहितो ते यासाठीच. मीही उलटे लिहून बघणार होते, पण आदेशातून आलेली डिव्हाइसे ज्या यादीतून मोजली जातात ती हॅश टेबल आहे, तिच्या क्रमाची हमी नाही. आज जुळले तरी उद्या बिघडेल.

म्हणून क्रमावर विसंबणेच सोडले. प्रत्येक मॉड्यूलला 'स्थान' ही प्रॉपर्टी दिली : खऱ्या बोर्डावर ते कुठल्या खाचेत बसते. ती नोडमध्ये जाते आणि ड्रायव्हर तीच वाचतो. दोन मॉड्यूलना एकच स्थान दिले तर क्यूएमू सुरूच होत नाही. हे ड्रायव्हरमधले बदल खऱ्या बोर्डासाठीही चांगले झाले, तिथेही आम्ही नोडच्या क्रमावरच चाललो होतो.

२४ व्होल्टच्या पुरवठ्याचा नोड सगळ्या मॉड्यूलना सामायिक आहे, त्याचा पी-हँडल, म्हणजे इतर नोडनी त्याच्याकडे बोट दाखवायचा क्रमांक, मी हाताने ठोकला होता. डीटीसीने हरकत घेतली. क्यूएमूकडे पी-हँडल वाटणारे फंक्शन आहे, ते वापरले.

१८ सप्टेंबर

तपासणीची स्क्रिप्ट. एक ते आठ मॉड्यूल, तीन तऱ्हा, अशा २४ जोडण्या, आणि हाताने निवडलेल्या सहा मिश्र. प्रत्येकीसाठी ट्री बाहेर काढायची, मॉनिटरवरून मेमरीचा नकाशा घ्यायचा, आणि दोन्हींतले पत्ते जुळवायचे. ट्री काय म्हणते आणि इम्युलेटरमध्ये खरोखर काय आहे, हे दोन वेगळ्या वाटांनी विचारायचे. ऑगस्टमध्ये हे असते तर त्या चार फाइली पहिल्याच दिवशी पकडल्या गेल्या असत्या. सगळ्या जोडण्यांना मिळून चार मिनिटे लागतात.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

खऱ्या बोर्डाशी तुलना. बोर्डावर सिसच्या फर्मवेअर फोल्डरमध्ये चालू ट्री एका फाइलमध्ये मिळते, ती उतरवून घेतली. डीटीसीला नोड आणि प्रॉपर्टी लावून द्यायला सांगितले, नाहीतर क्रमाच्या फरकांत खरे फरक बुडतात.

एक खरा फरक निघाला : बारा व्हॉल्व्हच्या मॉड्यूलची जागा बोर्डावर ८ केबी आहे. नवव्यापासून बाराव्यापर्यंतची रजिस्टरे दुसऱ्या पानावर आहेत. माझे डिव्हाइस सगळ्यांना ४ केबीच देत होते. म्हणजे इथे ट्री आणि इम्युलेटर एकमेकांशी अगदी जुळत होते, आणि दोघेही चुकीचे होते. कालची स्क्रिप्ट हे पकडूच शकत नव्हती. लांबी आता व्हॉल्व्हच्या संख्येवरून ठरते, आणि बोर्डाची उतरवलेली ट्री तपासणीत कायमची ठेवली आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

दिंडोरीच्या बागायतदारांना फोन केला. "काका, प्रत्येक खाचेत कितीचं मॉड्यूल आहे ते जरा सांगाल?" त्यांनी बागेतल्या खोलीत जाऊन वाचून दाखवले : बारा, आठ, मग चार-चारची चार. आदेशात सहा तुकडे लिहिले, ४० सेकंदांत लिनक्स उभे.

सहाव्या मॉड्यूलचा पहिला व्हॉल्व्ह उघडला. इम्युलेटरमध्ये बरोबर तोच उघडला. पण स्थितीच्या यादीत पहिल्या मॉड्यूलचा पहिला व्हॉल्व्ह चालू!

बारा, आठ आणि सोळा मिळून ३६ व्हॉल्व्ह. ड्रायव्हरमध्ये सगळ्यांची स्थिती एका ३२ बिटांच्या संख्येत ठेवली होती. सहाव्या मॉड्यूलचा पहिला व्हॉल्व्ह हा तेहतिसावा. ३२ घरे सरकवायला सांगितले की सीच्या नियमाने काय होईल याची खात्रीच नाही, आणि आमच्या प्रोसेसरवर सरकवणे ३२च्या चक्रात फिरते, म्हणजे तेहतिसाव्याचा बिट पहिल्याच्या जागी. आमच्या नऊ फाइलींपैकी एकीतही बेरीज ३२च्या वर जात नव्हती. सहा मॉड्यूलच्या फाइलीत सगळी चारची होती.

६४ बिट केले तरी भागणार नाही, आठ मॉड्यूल बाराची म्हणजे ९६. कर्नलचा बिटमॅप (हव्या तेवढ्या बिटांची यादी) वापरला आणि आठ बाराची जोडणी ड्रायव्हरच्या चाचणीतही घातली. सगळ्या जोडण्या पास. संध्याकाळी जुन्या नऊ फाइली काढून टाकल्या.

मंगळवारी सकाळी दिंडोरीला जाऊन काकांच्या बोर्डावर नवा ड्रायव्हर टाकायचा आहे. तपासणी शेवटच्या ओळीपासून सुरू करणार.